भिंतीच्या कडेनं

चाचांनी भिंतीतला खिळा उपटला तेव्हा मला त्यांच्याकडे कामाला लागून तीन आठवडे झाले होते. खिळ्याला काही टांगलेलं नव्हतं. पूर्वी कॅलेंडर होतं, ते त्यांनी वर्ष संपायच्या आतच उतरवून आतल्या खोलीत पाठवलं होतं. मी टायपिंग थांबवून विचारलं, "या खिळ्याची काय अडचण होती?"

पकडीनं खिळा हलवत ते म्हणाले, "रिकामा खिळा वाट बघून राहतो, बाई. कायतरी टांगा म्हणतो. पाठीमागं कोणाचं मागणं घेऊन वाचणार कसं?"

मग बोटावर चुना घेऊन त्यांनी भोक बुजवलं, हात धुतले, आणि डेस्कापुढे बसून राहिलेल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. खिळा आत चाचींकडे गेला. त्या खोलीतून निघालेली प्रत्येक वस्तू चाचींकडे जायची.

वसमतला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. जुनं उर्दू वाचणारी माणसं आता कमी राहिली, आणि निजामाच्या काळातल्या कारकुनांचं घाईतलं, टिंबं गाळलेलं अक्षर वाचणारी तर त्याहून कमी. गावोगावचे लोक जुन्या नोंदींच्या नकला घेऊन चाचांकडे यायचे. कोणाला दाखला काढायचा असायचा, कोणाला शेताच्या वाटणीचा वाद मिटवायचा असायचा. चाचा उर्दू वाचून मराठीत सांगायचे, मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, छापून आणायची आणि त्याखाली ते सही करायचे: 'मूळ मजकुराबरहुकूम.' कचेरीत त्यांच्या सहीला कोणी आडकाठी करत नव्हतं. मी आधी एका झेरॉक्सच्या दुकानात होते. उभं राहून कंबर गेली म्हणून हे बसायचं काम धरलं, आणि सहा वर्षं केलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं.

"बॅगेत काय काय हाय?"

मी सांगितलं. लॅपटॉप, चार्जर, मोबाईल, डबा, पाण्याची बाटली, छत्री, डोकेदुखीच्या गोळ्या.

"आत्ता डोकं दुखून राहिलं का?"

"नाही."

"मग गोळ्या काहून आत नेता? दुखलं की बाहेर या."

शेवटी फक्त लॅपटॉप आत गेला. प्रिंटर सहा वर्षं बाहेर ओट्यावर, प्लास्टिकच्या टोपलीखाली राहिला. त्याची वायर दाराच्या फटीतून आत यायची आणि काम झालं की मी ती परत बाहेर ढकलायची.

खोली दहा बाय बाराची असेल. चारी भिंती पांढऱ्या. खिडकीखाली उतरत्या पाटीचा बैठा डेस्क, त्यावर एक भिंग, एक पेन आणि एक कागद. चाचा डावा पाय मुडपून आणि उजवा गुडघा वर घेऊन बसायचे. उजवी टाच वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टेकून तिथली फरशी गुळगुळीत झाली होती. दाराजवळ माझं लहान टेबल आणि स्टूल. डेस्कापासून समोरच्या भिंतीपर्यंतची सगळी फरशी रिकामी. चटईसुद्धा नाही. आणि त्या रिकाम्या फरशीवरून कोणी चालायचं नाही. छापलेला कागद सहीला न्यायचा तर मला भिंतीला घासत जावं लागायचं, आणि माझा देह काही सडपातळ नाही.

"कडेनं या बाई, कडेनं," ते वर न बघता म्हणायचे.

मला वाटायचं, फरशी पुसलेली असते म्हणून. ती ते स्वतः पुसायचे, रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. त्या खोलीत चाचींना झाडूसुद्धा लावू देत नसत.

चाची घराच्या उरलेल्या दोन खोल्यांत राहायच्या. राहायच्या म्हणजे सामानातून वाट काढायच्या. ट्रंका, चार खुर्च्या, बंद पडलेला कूलर, भिंतीवरून उतरवलेल्या तसबिरींची थप्पी, पिठाच्या डब्यामागे एकाला एक टेकून ठेवलेली दोन चालू घड्याळं. चहा करताना त्या मला ऐकवायच्या, म्हणजे खरं तर चाचांना.

"लोक म्हणतात, तुमच्या घरवाल्यांची खोली किती साफ. साफ राहायला ते हाईत, अन् ढिगात दबून मरायला मी हाय."

"तिकडं तुझं राज्य हाय," चाचा आतून म्हणायचे.

"राज्य कसलं, गोदाम हाय गोदाम!"

काम करायची त्यांची रीत पक्की होती. एका वेळी एक कागद. पुढच्या माणसाचा कागद आधीचा पुरा होईपर्यंत उंबरा ओलांडत नसे. मी एकदा सुचवलं की दोन-तीन कागद एकदम आत घेऊ, लोकांची खेप वाचेल. ते म्हणाले, "दोन कागद म्हणजे दोन घरं, बाई. माणसं मावत न्हाईत." बोलायची एकेकाची पद्धत असते, म्हणून मी सोडून दिलं.

वाचायला लागताना ते पहिली ओळ, गावाचं आणि घरातल्या कर्त्याचं नाव, मनात वाचायचे. मग मान वर करून समोरच्या रिकाम्या फरशीकडे बघून हळूच म्हणायचे, "बसा." मग एकेक नाव उच्चारून थोडं थांबायचे. सगळं संपलं की मी छापलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची, ते डोळे मिटून प्रत्येक नावाला मान हलवायचे, सही करायचे, भिंग पालथं ठेवायचे, खिडकीचं दुसरं दार उघडायचे आणि म्हणायचे, "या आता."

सहा वर्षांत मी एकदाच विचारलं, "कोणाला म्हणता?"

"ज्यांचं काम हाय त्यांना."

पुढं मी विचारलं नाही. चांगलं चाललेलं काम उगाच उकरू नये या मताची मी आहे.

जवळा बाजारच्या एका माणसाचं मात्र मला विसरता येत नाही. नकलेवर एक डाग होता, तो नीट दाखवायला चाचांनी त्याला दारापर्यंत बोलावलं. तो उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून उभा होता. चाचा वाचता वाचता थांबले.

"खिशात कोण हाय?"

"कोण न्हाई चाचा, मोबाईल हाय."

"मोबाईल न्हाई. वरच्या खिशात."

त्यानं शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि घडी केलेला कागद काढला. ओशाळून म्हणाला, "सोयऱ्याची नक्कल हाय. म्हणलं, आलोच हाय तर त्याचा बी नंबर लावावा."

"बाहेर ठेवून या. इथं दाटी होऊन राहिली."

तो माणूस कागद ठेवायला गेला तो ओट्यावरच बसला, परत दारात काही आला नाही. चाचांना त्याच्या खिशातून कागदाचं टोक दिसलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भिंगाशिवाय त्यांना स्वतःच्या ताटातली मिरची दिसत नव्हती, हेही मला माहीत होतं.

उन्हाळ्यात मोंढ्यात हळद येते. गाड्या उतरतात, पोती ओततात, आणि वारा सुटला की सगळ्या गल्लीत पिवळी भुकटी उडते. भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, केसांत. चाचांच्या खोलीत रात्रभर ती खिडकीच्या फटीतून येऊन बसायची आणि सकाळी फरशी एकसारखी पिवळी झालेली असायची. अशाच एका सकाळी मी जरा लवकर पोचले. चाचा अजून फडकं भिजवत होते. मी दारातून आत पाहिलं. फरशी पिवळी होती, पण डेस्कासमोर तीन ठिकाणी नव्हती. तीन स्वच्छ, परातीएवढे गोल. एका ओळीत नव्हते, माणसं ऐसपैस बसतात तसे थोडे मागेपुढे. खोलीत तर रात्रभर तिथं ठेवून सकाळी उचलावी अशी एक वस्तू नव्हती.

आदल्या दिवशी आम्ही एक कागद अर्धा सोडला होता. बाप आणि दोन मुलं, अशी तीन नावं होती त्यात.

चाचा माझ्यामागे येऊन उभे राहिले. "अर्ध्यात काम टाकलं की त्यांना उठता येत न्हाई," ते म्हणाले. "तकलीफ होते त्यांना. आज आधी ते पुरं करू."

मी लॅपटॉप काढला आणि भिंतीला घासत, नेहमीपेक्षा जरा जास्तच घासत, माझ्या जागेवर गेले. कागद पुरा झाला. त्यानंतरच्या सकाळी फरशी सगळीकडे एकसारखी पिवळी होती.

मग माझा स्वतःचा कागद आला.

लेकीची बारावी झाली होती. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात लहानपणापासून, आणि मार्कही पडले होते. जातीच्या दाखल्यासाठी माझ्या सासरची, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची, जुनी नोंद लागत होती. सासऱ्यांनी तहसीलला वंशावळ लिहून, शपथेवर सही करून दिली होती. आता फक्त नोंदीचं मराठी जोडायचं राहिलं होतं. सोमवार शेवटचा दिवस. माझा नंबर गुरुवारी लागला. चाचांनी मला रांगेतून पुढे घेतलं नव्हतं, आणि मीही म्हटलं नव्हतं.

चाचांनी पहिली ओळ पाहिली. "बसा," म्हणाले. मग सांगू लागले, "भाऊ पहिला, किसन. दुसरा, मारोती. तिसरा, दाजीबा." किसन म्हणजे माझ्या नवऱ्याचे आजोबा. माझी बोटं थांबली, कारण वंशावळीत एवढेच होते. चाचांनी भिंग खाली सरकवलं. "चौथा, लिंबाजी."

मी चौथी ओळ टाइप केली. मग पाणी प्यायचं म्हणून ओट्यावर आले आणि सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, तुमच्या वडलांना भाऊ किती?"

"दोन. ते धरून तीन."

"नोंदीत चार आहेत. चौथा लिंबाजी."

मागे शेळी ओरडत होती.

"त्याला घरातून काढलं होतं," सासरे म्हणाले.

"काहून? कुठं गेला मग?"

"काढलेला माणूस कुठं जातो हे कोणी इचारतं का? त्याचं नाव आमच्यात घेत न्हाईत. तू बी लिहू नको."

"नोंदीत आहे, मामा."

"मग बसव पोरगी घरी! तीन भाऊ म्हणून मी शपथेवर सही करून आलो हाय. चौथा दिसला की ते सगळंच परत पाठवतेत."

त्यात खोटं काही नव्हतं. सोमवारच्या आत नवी वंशावळ होणं शक्य नव्हतं, आणि सासरे नवीवर सही करणार नव्हते. मी आत गेले, स्टुलावर बसले आणि चौथी ओळ पुसली. एक नाव पुसायला बटण दोन सेकंदसुद्धा दाबून ठेवावं लागत नाही. छापून आणल्यावर नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. कागदावर तीन होते, मी चार वाचले. चाचांनी पहिल्या तिघांना मान हलवली. लिंबाजीला हलवली नाही. पण सही केली, भिंग पालथं ठेवलं, खिडकी उघडली.

"या आता," ते म्हणाले, आणि बराच वेळ फरशीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा उंबऱ्यावरच उभे होते, हातात ओलं फडकं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सगळी फरशी पिवळी, आणि मधोमध एकच स्वच्छ गोल.

"एक उठला न्हाई," ते म्हणाले.

मी बॅग ओट्यावर ठेवली.

"कालचं काढा. वाचा."

मी लॅपटॉप उघडून पुन्हा चार नावं वाचली. माझा आवाज साफ होता.

"बाई, तुमचं बारीक अक्षर मला दिसत न्हाई. वाचू नका, मोजा. ओळी किती हाईत?"

मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्या.

"तीन," मी म्हटलं.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि विचारलं, "दुरुस्त करता का? मी परत सही करतो."

"केलं तर पोरीचं वर्ष जातं. कदाचित सगळंच जातं."

"पोरगी हुशार हाय?"

"आहे."

"मी तहसीलला सांगायला जाणार न्हाई," ते म्हणाले. "पण तुमी त्याला कागदात जागा देत न्हाई. मग तो इथं बसणार. अन् तो बसला हाय तोवर मला दुसरं घर आत बोलावता येणार न्हाई."

शुक्रवारी, शनिवारी, रविवारी त्यांनी एकही कागद घेतला नाही. ओट्यावर आलेली माणसं परत गेली. चाचा रिकाम्या डेस्कापुढे गुडघा वर घेऊन बसून राहिले. मी रोज गेले, दारात उभी राहिले आणि रोज माझ्या मनात एकच हिशेब होता: लेक की लिंबाजी. लिंबाजीला मी ओळखत नव्हते. सोमवारी मी तीन नावांचा कागद जोडला. दाखला मिळाला, लेकीचा नंबर लागला.

नंतर मी चाचांना म्हटलं, "तिचा कोर्स झाला की दुरुस्त करते. शब्द देते."

"किती वर्षांचा हाय?"

"साडेपाच."

ते हसले. "मला तेवढी मुदत दिसत न्हाई, बाई."

त्या खोलीत त्यांनी पुन्हा कागद वाचला नाही. काही दिवस ओट्यावर बसून पाहिलं. तिथं स्कूटर, दूधवाला, चाचींचं येणंजाणं, आणि दोन घरांची माणसं एकमेकांच्या कागदावर वाकलेली. एकदा त्यांनी एका घरातलं नाव दुसऱ्याच्या कागदात सांगितलं. ते त्यांचं त्यांनाच कळलं, त्यांनी तो कागद फाडला आणि काम बंद केलं. दोन वर्षांनी ते गेले.

चाळिसावा दिवस झाल्यावर चाचींनी मला बोलावलं. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत ट्रंका, खुर्च्या, कूलर, सगळं परत आलं होतं. भिंतीत नवे खिळे ठोकून दोन्ही घड्याळं लावली होती. चाची खुर्चीवर बसल्या होत्या.

"एवढं भरलं, तरी खोली हलकी लागते आता," त्या म्हणाल्या. मग ओट्यावर ठेवलेल्या डेस्काकडे बोट केलं. "ते तुम्हाला द्या म्हणून सांगून गेले. म्हणले, डेस्कासंगं तो बी जाईल. अन् म्हणले, बाईला सांग, कडेनं चाल."

मी रिक्षा बोलावून डेस्क घरी आणला. आता मी घरूनच टायपिंगची कामं करते. खोलीत डेस्क, लॅपटॉप आणि हातातलं काम, एवढंच. सुरुवातीला मी कपाट आणि शिलाई मशीनही तिथंच ठेवलं होतं. पण मधली जागा अडली की माझे आकडे चुकायला लागायचे, म्हणून एकेक करून सगळं बाहेर काढलं. नवऱ्यानं कुरकुर केली आणि सवय करून घेतली. शेजारणी बघायला येतात. एकीनं फोटो काढून नेला, तिलाही कामाची खोली अशीच करायची आहे. मला विचारते, इतकं मोकळं ठेवायला जमतं कसं? मी सांगते, जे लागत नाही ते बाहेर काढा. सासरे एकदा आले होते. दारातून आत बघितलं, पाणी मागितलं आणि बाहेरच बसले.

उन्हाळ्यात हळदीची भुकटी आमच्याकडेही येते. पहिल्या वर्षी सकाळी फरशीवर एक स्वच्छ गोल होता. मी तो अपेक्षितच धरला होता. या वर्षी दोन आहेत. दुसरा डेस्काला लागून आहे, आणि त्याच्या उजव्या अंगाला टाचेएवढा वेगळा ठिपका. गुडघा वर घेऊन कोणी बसलं तर पडेल तसा. त्या तीन ओळींखाली 'मूळ मजकुराबरहुकूम' अशी चाचांच्या हातची सही आहे. मी फडकं भिजवून आणलं आणि त्या दोन जागा सोडून बाकीची फरशी पुसली.

चार नावांचा कागद मी टाइप करून ठेवला आहे. लेकीचा शेवटचा पेपर झाला की तो तहसीलला नेणार, मग दाखल्याचं आणि माझं जे व्हायचं ते होवो. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात ती सुट्टीला आली. मी डेस्कापाशी होते. ती चहा घेऊन खोलीत आली ती भिंतीला पाठ घासत, कप छातीशी धरून.

"सरळ यायचं सोडून अशी काय येतेस गं?" मी विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "तिथं दाटी वाटते."

ती गेली तशीच, कडेनं. मी चहा खिडकीत ठेवला, समोर बघितलं आणि म्हणाले, "अजून दीड वर्ष."